आधी काय वाचायचं? गेमबॉय कॅमेऱ्याच्या कॅसेटमधले फोटो संगणकावर उतरवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कुटुंब पुण्याचं. नावं दिलेली नाहीत, घरगुती तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत. वडील सॉफ्टवेअरमध्ये होते. वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताच संगणकातल्या तारखा चुकतील या भीतीच्या, धांदलीत महाराष्ट्रातली कितीतरी घरं अमेरिकेत गेली, त्यातलंच हे एक. १९९७ साली न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले, २००३ साली परत आले. मुलं दोन, थोरला आणि धाकटी. आज थोरला पुण्यातच नोकरी करतो, धाकटी नाशिकला असते आणि आई कोथरूडच्या जुन्या फ्लॅटमध्ये.

सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि माळे रिकामे करायची वेळ आली. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आरपार दिसणारा जांभळा गेमबॉय कलर निघाला, निन्टेंडो या जपानी कंपनीचं हातात धरून गेम खेळायचं यंत्र. सोबत तीन कॅसेट होत्या: टेट्रिस, पोकेमॉन सिल्व्हर आणि डोक्यावर भिंगाचा गोल डोळा असलेली एक हिरवी. ही हिरवी म्हणजे गेमबॉय कॅमेरा. निन्टेंडोने तो १९९८ साली आधी जपानात आणि काही महिन्यांनी अमेरिकेत आणला. इतर गेमसारखाच गेमबॉयच्या खाचेत बसतो आणि समोर जे दिसेल त्याचा फोटो काढतो. फोटो १२८ बाय ११२ ठिपक्यांचा, रंगांच्या नावाने चार छटा, आणि एकूण जागा ३० फोटोंची. आज हसू येईल, पण दहा वर्षांच्या मुलीच्या हातात १९९९ साली दुसरा कुठला डिजिटल कॅमेरा कुणी दिला असता?

त्याच वर्षी वाईहून आजी-आजोबा सहा महिने एडिसनला राहायला गेले होते. रोलच्या कॅमेऱ्यावर काढलेले त्या मुक्कामाचे फोटो घरात आहेत, सगळे नायगाऱ्यापुढे किंवा स्वातंत्र्यदेवीपुढे ताठ उभं राहून काढलेले. घरातले फोटो धाकटीने काढले होते आणि ते या हिरव्या कॅसेटमध्ये होते. आजोबा २००८ साली गेले, त्यानंतर आजी.

जुन्या गेमच्या कॅसेट वाचून त्यांच्या प्रती करून ठेवण्याची मला हौस आहे, त्यासाठीची साधनं माझ्याकडे आहेत. थोरला माझ्या ऑफिसातला. त्याने डब्याचा फोटो पाठवून विचारलं, "यातलं काही निघेल का रे?"

अडचण नेमकी कुठे होती

गेमबॉयच्या कॅसेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी साठवलेल्या असतात. एक म्हणजे गेमचा प्रोग्रॅम. तो मास्क रॉममध्ये कारखान्यातच कोरलेला असतो. त्याला वीज लागत नाही आणि त्या गेमच्या लाखो कॅसेटमध्ये तो हुबेहूब सारखा असतो. दुसरी गोष्ट वापरणाऱ्याने साठवलेली: खेळ कुठवर आला, नाव काय टाकलं, कॅमेऱ्याच्या बाबतीत फोटो. ही एसरॅम नावाच्या चिपमध्ये असते आणि या चिपला अखंड वीज लागते. ती पुरवायला कॅसेटच्या आत नाण्याएवढा एक लिथियम सेल बसवलेला असतो. दिव्यात तेल आहे तोवर ज्योत, तसला प्रकार. सेल संपला की फोटो गेले, आणि संपण्याआधी तो कसलीही सूचना देत नाही.

कॅमेऱ्याच्या कॅसेटमध्ये रॉम १ मेगाबाइट आणि एसरॅम १२८ किलोबाइट. त्या १ मेगाबाइटची प्रत जगात कुठेही मिळेल, या १२८ किलोबाइटची प्रत कुठेच नाही. आतला सेल पंचवीस वर्षांहून जुना होता आणि कॅसेट उघडल्याशिवाय त्यात किती जीव उरलाय हे मोजता येत नव्हतं.

त्यात गेमबॉयच्या मागच्या कप्प्यातले दोन पेन्सिल सेल गळून पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. थोरल्याचा विचार सरळ होता. व्हिनेगर लावून पट्ट्या साफ करायच्या, नवे सेल टाकायचे, कॅसेट घालायची, "फोटो आहेत का तरी बघू." आहेत असं दिसलं तर पुढचं बघू, नाहीतर एवढा खटाटोप कशाला?

पहिला निर्णय : गेमबॉय चालू करायचा का?

माझं उत्तर नाही असं होतं. या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय हाच होता, म्हणून कारणं जरा सविस्तर सांगतो.

कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम चालू झाला की तो एसरॅममध्ये लिहायला लागतो. भिंगासमोर दिसणारं चित्र पडद्यावर दाखवण्याआधी याच चिपच्या पहिल्या भागात ठेवलं जातं. म्हणजे नुसतं "बघणं" असं काही नसतंच, बघताना काहीतरी बदलतंच. दुसरं म्हणजे अल्बममध्ये कुठले फोटो आहेत याची एक छोटी यादी त्याच चिपमध्ये असते आणि तिच्यासोबत तपासणीचा आकडाही. कॅसेटच्या पितळी-सोनेरी पट्ट्यांवर मळ असेल, मधली एखादी जोडणी लागत-सुटत असेल, तर प्रोग्रॅमला ती यादी चुकीची वाटू शकते. मग तो तिच्या जागी काय लिहील याचा भरवसा कोण देणार? तिसरं कारण साधं: दिसले तर फोटो वाचवायचे आहेत आणि दिसले नाहीत तरी वाचून बघायचंच आहे. मग चालू करून बघितल्याने पुढचं पाऊल बदलणार कुठे?

थोरल्याला हे लगेच पटलं नाही. लहानपणी आपण सगळेच कॅसेट चालली नाही की काढून, फुंकर मारून, परत घालायचो. फुंकरीने चालायची ती काढून-घातल्यामुळे, फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्यांना फक्त गंज चढतो. शेवटी धाकटीनेच फोनवरून सांगितलं, "दादा, तू त्याला हात लावू नकोस." विषय तिथे संपला.

पर्याय कोणते होते

गेमबॉय प्रिंटर हा निन्टेंडोचा स्वतःचा मार्ग. त्या काळात अमेरिकेत कॅमेऱ्यातले फोटो बाहेर काढायचा अधिकृत रस्ता तेवढाच होता: तारेने जोडायचं आणि पावतीसारख्या थर्मल कागदाच्या अरुंद पट्टीवर छापायचं. धाकटीकडे तो होता, छापलेले फोटो तिने कपाटाच्या दाराला चिकटवले होते. ते कपाट पुण्यात आलं, दारावरच्या पट्ट्या पांढऱ्याफटक झाल्या. थर्मल कागदाचा तो गुणच.

याच मार्गाचं आजचं रूप म्हणजे प्रिंटरचं सोंग घेणारं एक छोटं सर्किट. गेमबॉयला वाटतं आपण प्रिंटरला पाठवतोय, प्रत्यक्षात चित्र संगणकात उतरतं. स्वस्त आहे आणि चित्र अचूक येतं. पण त्यासाठी कॅसेट गेमबॉयमध्ये चालवावी लागते, एकेक फोटो निवडून छापावा लागतो आणि अल्बममध्ये दिसतात तेवढेच फोटो मिळतात.

पडद्याचा मोबाइलने फोटो काढणं हा आईने सुचवलेला पर्याय. सगळं फसलं असतं तर तोही केला असता. कॅसेट आधी मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेऊन सेल बदलून घेणं हा शेजाऱ्यांचा सल्ला, आणि तो घातक होता. सेल काढला त्या क्षणी चिपची वीज जाते. जुन्या सेलला समांतर दुसरी वीज देऊन बदल करणारे लोक आहेत, पण हात थोडा हलला की पंचवीस वर्षं क्षणात पुसली जातात.

उरला कॅसेट वाचणाऱ्या यंत्राचा मार्ग. यात गेमबॉय नसतोच. कॅसेट एका खाचेत बसते, खाच यूएसबीने लॅपटॉपला जोडलेली असते आणि चिपमधला प्रत्येक बाइट जसाच्या तसा फाइलमध्ये येतो. अशी यंत्रं बरीच आहेत. सान्नी नावाने ओळखला जाणारा कार्ट रीडर आर्डुइनो मेगा या छोट्या तयार सर्किटवर आधारलेला आहे, त्याचे नकाशे खुले आहेत आणि तो अनेक कंपन्यांच्या कॅसेट वाचतो. इनसाइडगॅजेट्सचा जीबीएक्सकार्ट फक्त गेमबॉय घराण्यासाठी. माझ्याकडे दुसरा होता आणि त्यासोबत चालणारं फ्लॅशजीबीएक्स हे सॉफ्टवेअर कॅमेऱ्याची कॅसेट ओळखतं, तिच्यातले फोटोही वेगळे काढून देतं. म्हणून तोच वापरायचं ठरलं. सान्नीवाला असता तरी चाललं असतं. अमुकच यंत्र हवं, असं काही नाही.

जाता जाता कायद्याचंही बोलू, कारण थोरल्याने ते विचारलं. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला, नुकसान होऊ नये म्हणून तात्पुरत्या संरक्षणापुरती राखीव प्रत करता येते, तीही प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला त्याच कामापुरती. वाटायला नव्हे. आणि फोटोंचं म्हणाल तर ते काढणारीचेच.

साफसफाई

कॅसेट उघडली नाही. आत सेल आहे, स्क्रू काढताना काही हलून शॉर्ट झालं तर गेलंच. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पट्ट्या एकाच दिशेने पुसल्या. काडी काळी निघाली, दुसरी घेतली, तीही काळी. खोडरबराचा उपाय बरेच जण सांगतात. मी तो शेवटी ठेवतो, कारण रबर मळाबरोबर मुलामाही खरवडतं. अल्कोहोल पूर्ण उडून जाऊ दिलं.

यंत्राचं व्होल्टेज बघून घेतलं. जुन्या गेमबॉय आणि गेमबॉय कलरच्या कॅसेट ५ व्होल्टच्या, गेमबॉय अॅडव्हान्सच्या ३.३ व्होल्टच्या. काही यंत्रांत यासाठी बारीक बटण असतं, काहींत सॉफ्टवेअर ठरवतं. यूएसबी हब मध्ये न घालता केबल थेट लॅपटॉपला जोडली, कारण कॅमेऱ्याच्या कॅसेटमध्ये संवेदक आणि त्याची चिप असल्याने ती साध्या गेमपेक्षा जास्त वीज खाते. आणि कॅसेट आधी बसवली, वीज नंतर दिली. चालू खाचेत कॅसेट खुपसायची नाही.

वाचन : तीन टप्पे आणि एक साक्षीदार

प्रत्येक गेमबॉय कॅसेटच्या सुरुवातीला एक शीर्षभाग असतो. त्यात निन्टेंडोचं बोधचिन्ह, गेमचं नाव, कॅसेटचा प्रकार, रॉम-रॅमचा आकार आणि तपासणीचा आकडा असतो. गेमबॉय स्वतः चालू होताना तेच बोधचिन्ह जुळवून बघतो आणि जुळलं नाही तर तिथेच अडून बसतो. पहिलं वाचन केलं तर नावाच्या जागी गिचमीड अक्षरं, बोधचिन्ह जुळेना. म्हणजे पट्ट्या अजून नीट लागत नव्हत्या.

इथे घाई करून एसरॅम वाचायचा मोह होतो, "फोटो तर त्यातच आहेत." तो टाळला. १२८ किलोबाइटची चिप ८ किलोबाइटच्या १६ कप्प्यांत वाचावी लागते, आणि कुठला कप्पा हवा हे सांगण्यासाठी यंत्राला कॅसेटमध्ये एक आकडा लिहावा लागतो. म्हणजे वाचायला सुद्धा लिहिणं आलं. पत्त्याची एखादी तार लागत नसेल तर तो आकडा भलत्याच ठिकाणी जाऊ शकतो. या कॅसेटची एक जमेची बाजू अशी की तिच्या एसरॅममध्ये लिहिण्याचं दार वेगळा संकेत दिल्याशिवाय उघडत नाही, वाचायला मात्र ते उघडावं लागत नाही. तरीही शीर्षभाग स्वच्छ वाचला जाईपर्यंत थांबायचं, हा नियम पाळला.

पुन्हा साफ केलं, खाचेत कॅसेट दोन-चारदा बसवली-काढली (वीज बंद ठेवून). मग नाव नीट दिसलं, प्रकार गेमबॉय कॅमेरा, आकडा जुळला.

आता क्रम काय? मी आधी एसरॅमचं एक झटपट वाचन करून ठेवतो. काही सेकंदांचं काम असतं, पुढे काही बिघडलं तर निदान हे हातात राहतं. मग पूर्ण रॉम, आणि मग पुन्हा एसरॅम, सलग दोन फाइली बाइटन्‌बाइट सारख्या येईपर्यंत. वीज चालू असताना चिप यूएसबीच्या विजेवर चालते, जुन्या सेलवर भार पडत नाही. त्यामुळे रॉमला लागणाऱ्या वेळाची काळजी नव्हती.

जगात कुठेही मिळणारी रॉम वाचायची कशाला, हा थोरल्याचा प्रश्न रास्त होता. कारण ती साक्षीदार म्हणून हवी असते. एसरॅमची दोन वाचनं सारखी आली एवढ्यावरून ती बरोबर ठरत नाहीत. एखादी तार कायमचीच लागत नसेल तर दोन्ही वाचनं सारखीच चुकीची येतील. त्या १२८ किलोबाइटमध्ये मुळात काय होतं हे जगात कुणालाच माहीत नाही, मग ताडून कशाशी बघणार? रॉमचं तसं नाही. तिच्यातल्या बाइटांच्या बेरजेचा आकडा शीर्षभागातच छापलेला असतो आणि नो-इन्ट्रो या जतन करणाऱ्या मंडळींच्या यादीत प्रत्येक गेमचे हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेले बोटांच्या ठशासारखे आकडे, दिलेले आहेत. रॉम आणि एसरॅम दोन्ही त्याच आठ तारांवरून बाहेर येतात. रॉम अचूक आली तर त्या तारा खऱ्या बोलतायत.

आणि झालं तेच. रॉमची बेरीज जुळली नाही.

शीर्षभाग बरोबर, बेरीज चूक. कुठलीतरी एक तार अधूनमधून सुटत होती. पहिल्या एसरॅम वाचनातून काढलेले फोटो तोवर थोरल्याने पडद्यावर पाहिले होते. आजोबा दिसत होते आणि तो खूश होता. पण फोटोंवर काही ठिकाणी ठिपके होते, आणि ते ठराविक अंतरावरच्या उभ्या ओळींत. गेमबॉयचं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींनी बनतं आणि एका बाइटमध्ये आडव्या आठ ठिपक्यांची अर्धी माहिती असते. आठातली एक तार सुटली की प्रत्येक चौकटीतला त्याच जागेचा ठिपका बिघडतो, म्हणून दर आठ ठिपक्यांनी एक डागाळलेली रेघ. "कॅमेराच तसला होता गं," असं म्हणून सगळ्यांनी ते मान्यही केलं असतं. रॉम ताडून बघितली नसती तर मीसुद्धा कदाचित ते चालवून घेतलं असतं, इतके ते डाग जुन्या कॅमेऱ्याला शोभणारे होते.

पट्ट्यांची तिसरी साफसफाई, यावेळी खाचेच्या पिनाही. रॉमची बेरीज जुळली, हॅश जुळला. त्यानंतरची एसरॅमची वाचनं एकमेकांशी तंतोतंत सारखी आली. पहिल्या फाइलशी ताडल्यावर फरक पडलेल्या प्रत्येक बाइटमध्ये तोच एक बिट, म्हणजे आठांतल्या त्याच एका तारेवरचा अंक, वेगळा होता. डाग गेले.

प्रती कशा ठेवल्या

चांगल्या फाइलचा हॅश लिहून ठेवला, फाइल फक्त वाचता येईल अशी केली आणि तीन ठिकाणी ठेवली: थोरल्याचा लॅपटॉप, धाकटीची हार्ड डिस्क, आणि क्लाउड. एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर गेमबॉयचं सोंग घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून बघायची ती वेगळी प्रत. एम्युलेटरही कॅमेऱ्याचा तोच प्रोग्रॅम चालवतो, म्हणजे तोही फाइलमध्ये लिहितो. मूळ फाइल तिथे उघडली तर प्रत्यक्ष गेमबॉय चालू करण्याने जे झालं असतं तेच संगणकावर होतं.

फोटो घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकताना दोन गोष्टी पाळल्या. १२८ बाय ११२ चं चित्र मोबाइलवर पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं आणि ताणलं की धुरकट होतं. म्हणून प्रत्येक ठिपका आठ पट मोठा करून, कडा मऊ न करता, १०२४ बाय ८९६ चं पीएनजी केलं. आणि ते फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, नाहीतर व्हॉट्सअॅप दाबून त्या चार छटांचा चिखल करतं.

पुसलेले फोटो

अल्बममध्ये २२ फोटो होते. जागा ३०. उरलेल्या आठ जागांचं काय?

गेमबॉय कॅमेऱ्यात फोटो पुसला की फक्त यादीतली त्याची नोंद जाते. चित्राचे बाइट त्या जागी दुसरा फोटो येईपर्यंत तसेच पडून असतात. आम्हाला मिळालेल्या फाइलमध्ये आठपैकी सहा जागांवर पूर्ण चित्रं होती. प्रिंटरच्या मार्गाने गेलो असतो तर ती कधी कळलीही नसती.

थोरला म्हणाला, "दाखव ना मग." मला ते पटेना. हे फोटो कुणीतरी जाणूनबुजून पुसलेले होते. ती मुलगी दहा वर्षांची होती हे खरं, पण आज ती हयात आहे, नाशिकला आहे, फोन उचलते. तिला विचारल्याशिवाय उघडायचे नाहीत असं ठरलं. थोरला जरा नाराज झाला, पण त्याने ऐकलं.

तिने आधी एकटीने पाहिले. दोनांत नुसता अंगठा. एक हललेला, कशाचा ते कळत नाही. एकात थोरला रडतोय. तो कुणाला पाठवायचा नाही, असं तिने सांगितलं, आणि तो तिच्याच डिस्कवर आहे. उरलेले दोन आजींचे. फोटो काढते म्हटल्यावर आजी पदर तोंडावर घ्यायच्या, त्यामुळे चेहरा अर्धाच दिसतो. "चेहरा नीट आला नाही म्हणून पुसले असणार, तीसच मावायचे ना," ती म्हणाली. अल्बमात ठेवलेल्या २२ मध्ये आजींचा एकही नव्हता.

यादीबाहेरचं आणखी एक चित्र होतं: चिपच्या पहिल्या भागातलं, भिंगाने शेवटी पाहिलेलं. छताचा पंखा आणि ट्यूबलाइटचा कोपरा. एडिसनच्या घरात तसला पंखा नव्हता, म्हणजे पुण्यात आल्यावर कुणीतरी कॅमेरा एकदा तरी चालू केला होता. थोरल्याने ठरवलं तसा गेमबॉय चालू केला असता आणि भिंगासमोरचं दृश्य पडद्यावर आलं असतं, तर हे चित्र त्याच क्षणी गेलं असतं. गेलं असतं तर फार बिघडलं नसतं. पण चालू करण्याने काहीतरी बदलतं, हे तेव्हा तोंडी सांगत होतो. आता ते डोळ्यांसमोर होतं.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात नव्हती. कॅमेऱ्यात वापरणाऱ्याचं नाव आणि जन्मतारीख भरायची सोय होती, ती धाकटीने लहानपणी हौसेने भरली होती, आणि ही माहिती प्रत्येक फोटोच्या नोंदीसोबत साठवली जाते. थोरला ती मूळ फाइल जुन्या गेमच्या हौशी लोकांच्या एका गटात टाकायच्या बेतात होता, कुणी रंग भरून देतं का बघायला. बहिणीची जन्मतारीख आणि पुसलेले फोटो त्याच फाइलमधून गेले असते. बाहेर द्यायचं ते फक्त पीएनजी, असं ठरलं.

सेल बदलणं

प्रती झाल्यावर कॅसेट तशीच ठेवावी असं माझं मत होतं. आईचं मत वेगळं पडलं. "संगणकावर पाहिले रे, पण त्या खेळण्यात दिसायचे तसे बघायचेत." यावर काय बोलणार?

कॅसेटचा स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाही, ३.८ मिलिमीटरचा खास गेमबिट लागतो. भिंगाच्या गोळ्यातून खालच्या सर्किटकडे येणारी जोडणी नाजूक असते, ती न ताणता उघडावं लागतं. काम बुधवार पेठेतल्या एका जुन्या कारागिराकडून करून घेतलं. नवा सेल घेतला तो आधीच टॅब, म्हणजे पत्र्याच्या छोट्या पट्ट्या, जोडलेला. नुसत्या सेलवर सोल्डरिंगचा डाग दिला तर लिथियम तापून फुगतो, क्वचित फुटतोही. काढलेला सेल मोजला तर २.८ व्होल्टच्या आसपास होता, नवा ३ च्या थोडा वर. म्हणजे जुना अजून काही काळ तग धरून राहिला असता. किती, ते सांगता येत नाही.

नवा सेल बसवल्यावर चिप रिकामी होती, अपेक्षेप्रमाणे. राखीव फाइल यंत्रातून परत कॅसेटमध्ये लिहिली, पुन्हा वाचून ताडली, आणि मगच कॅसेट गेमबॉयमध्ये घातली. पट्ट्या घासलेल्या त्या गेमबॉयमध्ये आईने आजोबांचे फोटो पाहिले. थोरल्याला मात्र त्यातला तो भयाण चेहरा आठवत होता, मेनूत पळ काढायचा पर्याय निवडला की अचानक समोर येणारा. लहानपणी त्याला घाबरून तो रात्री कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. त्याने तो मुद्दाम काढून मुलाला दाखवला. मुलगा हसला.

निकाल

कॅमेऱ्यातलं सगळं मिळालं. पोकेमॉन सिल्व्हरमधलं काहीच मिळालं नाही. तिची रॉम अचूक वाचली गेली, एसरॅमच्या ३२ किलोबाइटमध्ये मात्र नुसता कचरा होता. सेल साधारण त्याच वयाचा, पण त्या कॅसेटमध्ये घड्याळही आहे. खेळात खऱ्या वेळेप्रमाणे दिवस-रात्र होते, त्यासाठी आतला स्फटिक सेलवर अहोरात्र चालू असतो आणि तो सेल लवकर संपतो. टेट्रिसमध्ये सेलच नाही, जपण्यासारखं काही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

पुसलेल्या फोटोंचा प्रश्न वाचनानंतर उभा राहिला. तो यंत्र जोडण्याआधीच विचारून घ्यावा. "पुसलेलं काही निघालं तर कुणी बघायचं?" एवढं एकच वाक्य. या घरात भाऊ-बहीण बोलतात म्हणून निभावलं. जिथे बोलणं नाही तिथे हाच प्रश्न भांडणाचं कारण होईल.

रॉमच्या साक्षीवर मी बराच भर दिला, पण ती पूर्ण साक्ष नाही. एसरॅम निवडणारी तार रॉम वाचताना कामी येत नाही, त्यामुळे तिचा दोष रॉममध्ये दिसणार नाही. इथे फोटो डोळ्यांना स्वच्छ दिसत होते म्हणून शंका उरली नाही. ज्या कॅसेटमध्ये नुसते आकडे असतात तिथे दुसऱ्या जातीच्या यंत्रावर एकदा वाचून बघणं शहाणपणाचं. आम्ही ते केलं नाही, गरजही पडली नाही.

सेल बदलावा की नाही, यावर माझं आणि आईचं एकमत आजही नाही. माझ्या दृष्टीने मूळ वस्तूला सोल्डरिंगचा डाग देणं टाळता आलं असतं. जुना सेल जाईपर्यंत फोटो त्यात राहिले असते, गेल्यावर फाइल होतीच. पण वस्तू त्यांची आहे.

नव्या सेलची तारीख कारागिराने कॅसेटच्या आतल्या प्लास्टिकवर मार्करने लिहिली आहे, बाहेरच्या लेबलला हात लावलेला नाही. सिल्व्हरचा सेल अजून बदललेला नाही. मुलाला ती नव्याने खेळायची आहे, आणि थोरल्याचं अजून ठरत नाहीये.